मेळ

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला जगाच्या दोनच अवस्था ठाऊक असतात : मेळ लागला, नाहीतर नाही लागला. त्यामुळं पुतण्या जेव्हा म्हणाला, "काका, चित्राचा आणि आवाजाचा मेळ लागंना," तेव्हा मी बाह्या सरसावूनच बसलो.

पुतणीच्या लग्नात आमच्या आत्याबाईंनी मंगलाष्टकं म्हटली. वय वर्षं ८४. "पुन्हा म्हणायला लावू नका," असं त्यांनी आधीच बजावलेलं. चित्रणाला तीन कॅमेरे : एक आंतरपाटाशी, एक पाहुण्यांत, एक मागच्या गॅलरीत. शिवाय आत्याबाईंपुढं आवाजाचा रेकॉर्डर. प्रत्येक यंत्र आपापल्या सवडीनं सुरू झालेलं, अगदी आमच्या शाखेसारखं. आता पडद्यावर आत्याबाई तोंड मिटायच्या आणि मग 'सावधान' ऐकू यायचं.

सिनेमावाले यासाठी फळी वापरतात. पट्टी खाडकन आपटायची. चित्रात पट्टी टेकल्याची फ्रेम आणि आवाजातलं 'खाड्' समोरासमोर ठेवलं, की मेळ सुरू. आमच्या भाषेत ओपनिंग बॅलन्स! ज्या कोल्हापुरात १९२९ साली प्रभात कंपनी निघाली, जिचा 'अयोध्येचा राजा' १९३२ साली बोलू लागला, त्या गावात तीन-तीन कॅमेरे घेऊन आलेल्या माणसानं फळी आणू नये? बरं, हाताची टाळी दिली असती तरी भागलं असतं. पण फुकटची गोष्ट लग्नात कुणाला सुचते?

शेवटी देव धावला तो तांब्याच्या रूपानं. दुसऱ्या मंगलाष्टकाला कुणाच्यातरी पोरानं भटजींच्या पायाशी पितळी तांब्या पाडला होता. त्या वेळी सगळ्यांनी त्याच्याकडं डोळे वटारले. आता तोच 'ठण्ण' तिन्ही कॅमेऱ्यांत सापडला. पुतण्यानं तिथं गाठ मारली.

तरी गॅलरीतला कॅमेरा दोन फ्रेम मागं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो; गॅलरी तीस मीटरवर. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दोनांहून थोडा जास्त फरक. म्हणजे लांबच्या कॅमेऱ्याचं आपण चित्र घ्यावं, त्याचा आवाज ऐकू नये. (शाखेत वरच्या साहेबांबाबत आम्ही हेच करतो.)

पुढं शेवटच्या 'सावधान'ला ओठ पुन्हा सरकले. प्रत्येक यंत्राचं घड्याळ कणभर वेगळं चालतं, आणि लांब चित्रणात तो कण साठत जातो. नशीब, चक्रवाढ नव्हे, सरळव्याज! मांडवाच्या दारात ताशावर पडलेली पहिली काडी क्लोजिंग बॅलन्सला धरली आणि फरक मधल्या वेळावर वाटून टाकला.

मग मात्र बसलं. तिसऱ्या ओळीला दम लागून आत्याबाई थांबल्या होत्या, तो थांबासुद्धा ओठांवर बरोब्बर बसला. पुतण्या काही बोलला नाही, मीही नाही.

रविवारी आत्याबाईंना दाखवलं. हात जोडून बघत होत्या. तांब्या पडला तशा ताठ झाल्या.

"मेलं कुणाचं कार्टं रे ते? तेवढं काढून टाक की!"