पहिलं बिल

कपाट आवरताना २००२ सालचं मोबाइलचं पहिलं बिल सापडलं. फॉर्म भरताना दुकानदाराने दोन-तीन प्लॅन सांगितले होते. मी फक्त महिन्याचं भाडं ऐकलं. रेशनकार्डाची झेरॉक्स, फोटो, सह्या, आणि नखाएवढं सिमकार्ड हातात.

तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडत. आई गावातल्या एसटीडी बूथवरून बोलायची. तिचं मीटर तिकडे पळायचं, माझं इकडे. मिनिट भरत आलं की म्हणायची, "ठेवते रे, तुझं बिल वाढतंय." काही सांगायचं राहायचं का? मी कधी विचारलं नाही.

१ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. त्यानंतरही आई मिनिटाच्या आतच फोन ठेवायची.