काप्रीच्या पाखाड्यांवरून

मैत्रिणींनो, काप्री हे नाव तुमच्या घरात कधीच येऊन पोहोचलेलं असेल. पोटरीपर्यंतची ती तोकडी विजार मुली हौसेनं घालतात ना, तिला नाव मिळालं ते इटलीतल्या या बेटावरून. नेपल्सच्या उपसागरातलं, जेमतेम दहा चौरस किलोमीटरचं बेट. पण ख्याती केवढी! सिनेनट्या, कोट्यधीश, त्यांच्या पांढऱ्याशुभ्र नौका, आणि एका कपभर कॉफीला आपल्याकडे घरभराचं जेवण होईल एवढी किंमत. आपल्यासारख्यांनी तिथं जाऊन करायचं काय, असं तुमच्या मनात आलंच असेल. तेच सांगायला बसले आहे.

ह्यांच्या कंपनीचं नेपल्सला काम निघालं. माझी शाळा अर्ध्या वेळेची, त्यात मे महिन्याची सुट्टी, मुलं आजोळी. कामाला चार दिवस जोडून घेतले आणि आम्ही काप्री गाठलं. त्या चार दिवसांतला दुकानांच्या चौकात गेलेला वेळ मोजला, तर तीन तासांच्या वर भरायचा नाही.

नेपल्सहून जलद बोटीनं तासाभरात मरीना ग्रांदे या धक्क्यावर उतरता येतं. तिथून १९०७ सालापासून चालणारी दोराची रेल्वे माणसांना डोंगरावरच्या चौकात नेऊन सोडते. हाच तो प्रसिद्ध ‘पियात्सेत्ता’. आपल्या गावच्या देवळापुढच्या पाराएवढी जागा, चारी बाजूंनी खुर्च्या मांडलेल्या, आणि जो तो दुसऱ्याकडे बघत बसलेला. बेटावरची कायमची वस्ती पंधरा हजारांच्या आतली. मोसमात एकेका दिवशी तेवढेच पाहुणे उतरतात. चौक, दुकानं, निळी गुहा, फोटो, की परतीची बोट! निळ्या गुहेत होडीत आडवं झोपून शिरावं लागतं, पाणी खरोखरच नीळ कालवल्यासारखं दिसतं, आणि दोन-चार मिनिटांत बाहेर काढतात. समुद्र खवळला की गुहा बंद. ती जमली तर पाहा, नाही जमली तर हळहळू नका.

माझा पहिला सल्ला असा, की एक रात्र तरी बेटावर काढा, आणि तीही वरच्या अनाकाप्री गावात. छोट्या बसमधून कड्याच्या अंगानं वर जायचं. खिडकीखाली थेट समुद्र. वरंधा घाट एस. टी.नं उतरलेल्या बाईलासुद्धा डोळे मिटून घ्यावेसे वाटतील! वर मात्र सगळं शांत. चुन्यानं रंगवलेली घरं, दारात लिंबाची झाडं, भिंतीवर बोगनवेल, आणि बोटीची वेळ टळली की गल्लीत फक्त गावची माणसं.

याच गावाच्या टोकाशी जुन्या दगडी पायऱ्यांची वाट सुरू होते. नाव ‘फिनिशियन पायऱ्या’, पण जाणकार म्हणतात, त्या प्राचीन ग्रीक वसाहतवाल्यांनी खोदलेल्या. संख्या ९२१. आम्ही त्या उतरून गेलो. कोकणात ज्यांचं माहेर आहे त्यांना पाखाडी म्हणजे काय ते सांगायला नको; ही तशीच पाखाडी, फक्त कड्याला चिकटवलेली. वाटेत आम्हांला एक कुत्रं आणि दोन जर्मन म्हातारे एवढेच भेटले.

उतरताना गंमत वाटते. पण १८७० च्या दशकात गाडीरस्ता झाला, तोवर खालच्या धक्क्याहून वर अनाकाप्रीला जायचा मार्ग हाच होता, आणि ओझी वाहत होत्या त्या बायका. खाली बंदराजवळ पाण्याचा झरा आहे. त्याचं पाणी भरून, भांडं डोक्यावर घेऊन, अनवाणी, या ९२१ पायऱ्या. पाणीच नव्हे, धान्य, सरपण, पुढं पाहुणे यायला लागल्यावर त्यांच्या ट्रंकासुद्धा. पुरुष बहुधा मासेमारीला, दूरच्या समुद्रावर गेलेले. डोक्यावर चुंबळ ठेवून दोन हंडे आणणाऱ्या बायका मी लहानपणी आजोळी पाहिल्या आहेत. त्यामुळं चारशेव्या पायरीवर बसून पाणी प्यायले तेव्हा बाटली हातात जड लागली. ह्यांनी विचारलं, “दमलीस का?” मी म्हटलं, “अहो, आपण उतरतोय!”

वर, वाटेच्या तोंडाशीच, आक्सेल मुंथे या स्वीडिश डॉक्टरनं बांधलेलं घर आहे, सान मिकेले. आता ते पाहायला ठेवलं आहे. त्याचं १९२९ सालचं आठवणींचं पुस्तक जगभर गाजलं. घर सुंदर आहे, पण मला त्या डॉक्टरबद्दल आदर वाटला तो दुसऱ्याच कारणानं. या बेटावर पूर्वी दमून उतरणारे लावे जाळ्यांनी हजारोंनी पकडत. त्यांच्या उत्पन्नावर इथल्या बिशपची गुजराण चाले, म्हणून त्याला ‘लाव्यांचा बिशप’ म्हणत. या गृहस्थानं शेजारचा अख्खा डोंगर विकत घेतला, का, तर तिथं पाखरं धरू द्यायची नाहीत.

जवळच सान मिकेले नावाचंच एक लहानसं चर्च आहे. ते चुकवू नका. तिथली जमीन पाहायची असते! १७६१ साली रंगीत फरशांची एकच मोठी चित्राकृती जमिनीभर बसवलेली आहे : आदम आणि ईव्हला स्वर्गाच्या बागेतून बाहेर काढतात तो प्रसंग, भोवती नाना पशुपक्षी, एकशिंगी घोडासुद्धा. त्यावर पाय ठेवायचा नाही. कडेच्या लाकडी फळ्यांवरून चालायचं, मग गोल जिन्यानं वर जाऊन सगळं एका नजरेत बघायचं. घरात पुसलेल्या फरशीवर पावलं उमटली की आपला जीव कसा होतो! इथं अडीचशेहून अधिक वर्षं ती चमक राखली आहे.

आम्ही मिल्येराच्या वाटेवर एका आजीबाईंच्या घरी दोन खोल्यांत उतरलो होतो. ही वाट गावातून जवळजवळ सपाट निघते आणि द्राक्षांचे मांडव, भाजीचे वाफे, कोंबड्यांची खुराडी यांच्या कडेकडेनं अर्ध्या-पाऊण तासात एका कड्याशी नेऊन सोडते. खाली शेकडो फूट समुद्र. कठड्यापाशी आम्ही दोघंच होतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पायऱ्या सोडून सरळ ही वाट धरावी.

आजीबाईंच्या घराचं छप्पर घुमटासारखं फुगीर होतं. मला वाटलं, शोभेसाठी. त्यांची नात इंग्रजी बोलायची. तिच्याकरवी त्यांनी समजावलं, की पावसाचा थेंबन् थेंब घरंगळून पन्हाळीत यावा म्हणून जुन्या घरांना असं छप्पर. पन्हाळीतून पाणी घराखालच्या टाक्यात. बेटावर नदी नाही. आता पिण्याचं पाणी मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या नळानं येतं; तरी बाई बागेला टाक्याचंच पाणी घालतात, आणि भाजी धुतलेलं पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओततात. त्या एका कृतीनं आमची ओळख पटली म्हणा ना!

२२ जून २०२४ ला काय झालं ते त्यांनीच सांगितलं. मुख्य भूमीवर जलवाहिनीत बिघाड झाला आणि काप्रीचं पाणी तुटलं. महापौरांनी पाहुण्यांना बेटावर उतरायलाच बंदी केली. बोटी माघारी वळवल्या. गावकऱ्यांना टँकरमधून घरटी २५ लिटर पाणी. त्याच दिवशी बंदी उठली, पण ऐन मोसमात जगप्रसिद्ध बेट एका नळासाठी अडून बसलं होतं. आजीबाईंची बहीण खाली काप्री गावात राहते. ती कॅन घेऊन रांगेत उभी, तर ह्यांनी तिला फोन केला, “वर ये, माझं टाकं भरलेलं आहे.” टँकरच्या रांगेची हकीकत मला समजायला नातीच्या इंग्रजीची गरज नव्हती. बहिणीच्या घरी आता जुनं टाकं नाही. तिथं पाहुण्यांसाठी न्हाणीघर काढलं आहे.

दुसऱ्या दिवशी बेटाच्या दुसऱ्या टोकाला व्हिला योविस पाहायला गेलो. चौकातून पाऊण तास चाल, सगळी घरादारांमधून. सम्राट तिबेरियस इसवी सन २७ पासून पुढची दहा वर्षं बहुतेक याच बेटावरून रोमचं राज्य हाकत होता. आज तिथं भिंती आणि वारा. राजवाड्याचा मधला भाग पाहिलात का? पावसाच्या पाण्याची प्रचंड टाकी! शिवनेरीची टाकी पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही, पण सम्राटाच्या महालाच्या पोटात पाणीसाठा बघून मला मात्र आजीबाईंच्या घुमटाचा अर्थ नव्यानं उलगडला.

खाण्याचंही सांगते. टोमॅटो, मोझरेल्ला चीज आणि तुळशीच्या जातीचं पान यांची ‘काप्रेझे’ ही कोशिंबीर इथलीच. पण मला आवडली ती इथली राविओली. मैद्यात उकळतं पाणी घालून पीठ मळतात, जवळजवळ आपल्या मोदकाच्या उकडीचा प्रकार, आणि आत चीजबरोबर चक्क मरवा! आपण गजऱ्यात घालतो तोच. सारणात अंडं असतं, तेव्हा न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. चौकापासून जितकं दूर बसाल तितकं बिल हलकं.

शेवटच्या संध्याकाळी बसनं पुंता कारेना गाठलं. १८६७ पासून तिथं दीपगृह आहे. वाळू नाही, नुसते खडक. पण तोंड पश्चिमेला, त्यामुळं सूर्य थेट समुद्रात बुडताना दिसतो. हॉटेलांतली, दुकानांतली कामं आटोपून गावच्या बाया पोरांसह येतात, चार उड्या मारतात, केस पिळत खडकावर बसतात आणि डबे उघडतात. एकीनं माझ्या हातावर लिंबाची जाड फोड ठेवली, सालीसकट खायची, वर मीठ. गोडसर लागते. शेवटची बस किती वाजता सुटते, ते मात्र उतरल्याबरोबर खांबावर वाचून ठेवा. वर चालत जायचं तर चढ दमछाक करणारा आहे, आणि अंधारात पायऱ्या दिसत नाहीत.