हवामान कोरडे राहील!

रेडिओवरच्या किंवा टीव्हीवरच्या बातम्या संपता संपता एक वाक्य तुम्ही कितीतरी वेळा ऐकलं असेल. 'कोकणात हवामान कोरडे राहील.' ऐकता आणि सोडून देता, हो ना? यापुढे मार्च-एप्रिलात हे वाक्य कानावर पडलं, की मनाने माझ्याबरोबर सिंधुदुर्ग जिल्ह्यात चला. तिथे शिरोडा-वेंगुर्ल्याच्या बाजूला माझी आत्या राहते. त्या टापूत हे एकच वाक्य एका घरात खुशीत ऐकतात, आणि चार घरं सोडून कुणीतरी कपाळाला हात लावतं!

आधी खाली, शिरोड्याच्या खाडीकाठी जाऊ. इथे मिठागरं आहेत. भरतीला आत घेतलेलं खारं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत नेतात. ऊन आणि वारा ते आटवत राहतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे मिठाचा एवढासा ढीग व्हायला किती पाणी आटावं लागत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. मे १९३० मध्ये याच शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला होता. तर इथल्या माणसाला हवं असतं कोरडं हवामान. पावसाची एक जोरदार सर आली, की वाफ्यातलं मीठ विरघळलंच म्हणून समजा.

आता थोडं वर चढू या. कोकणात डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाला 'सडा' म्हणतात. सड्यावर आणि उतारावर हापूसच्या बागा आहेत. मोहराच्या दिवसांत ढग आले, पाऊस शिंपडला, की तुडतुडे आणि करपा रोग हात धुऊन मागे लागतात. म्हणजे आंबेवाल्यालाही कोरडं हवामानच हवं. पण थांबा, इथे एक गोम आहे. नुसतं कोरडं चालतं, फार तापलेलं चालत नाही. कडक उन्हात बारीक कैऱ्या गळून पडतात. उरलेल्या फळांपैकी काहींत साका होतो. म्हणजे काय, तर आंबा बाहेरून सोन्यासारखा, आणि कापला की आत पांढरट, आंबट गर! विकणाऱ्यालाही आधी कळत नाही, त्यामुळे उगाच त्याच्यावर चिडू नका.

समुद्र इतका जवळ असून एवढं तापतं कसं, असं तुम्ही विचाराल. भूगोलात तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकला आहात. परीक्षेत दोन गुणांना येतात म्हणून पाठ करतो आपण ते! इथे ते अंगावर घेता येतात. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो. दुपारच्या सुमाराला वारा फिरतो, समुद्रावरून खारा वारा येतो आणि जीव थंड होतो. पण एखाद्या दिवशी पूर्वेकडचा जमिनीवरचा वारा इतका जोरात असतो, की खारा वारा अडून बसतो. तो यायला उशीर झाला, की पारा चढत जातो. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी पारा ४१.७ अंशांवर गेला होता! म्हणून हवामान खात्याचा किनाऱ्यासाठी नियम वेगळा आहे. सपाट प्रदेशात उष्णतेच्या लाटेसाठी तापमान निदान ४० अंश लागतं, किनाऱ्यावर ३७ लागतं. शिवाय ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवं. आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेतले ३७ अंश काय असतात, ते तिथे एक दुपार काढल्याशिवाय कळायचं नाही.

हवा इतकी दमट, अंगाला धारा लागलेल्या, मग पाऊस का पडत नाही? मलाही लहानपणी हे कोडं पडायचं. त्याचं असं आहे, बाष्प असतं ते जमिनीलगतच्या थरात. त्याच्यावर कोरड्या, उबदार हवेचं जणू झाकण बसलेलं असतं. बाष्पाला वर जाताच येत नाही, मग ढग कसे भरणार? कधीतरी दुपारी सह्याद्रीच्या अंगाला ते झाकण उघडतं आणि वळवाचा पाऊस कोसळतो. किनारा मात्र बहुधा कोरडाच राहतो.

आता आत्याच्या वाडीत येऊ. इथे 'कोरडे राहील' म्हटलं, की बायकांचे चेहरे उतरतात. आत्याच्या विहिरीला बावीस पायऱ्या आहेत. जुलैत एकही दिसत नाही, पाणी काठाला लागलेलं असतं. होळीला बारा-तेरा दिसतात. मेच्या मध्यावर सगळ्या! मग तळाशी उतरून वाटीने पाणी भरायचं. एक कळशी भरायला किती वेळ लागतो, ते मी स्वतः बसून पाहिलं आहे. आपण शहरात दात घासताना नळ सोडून ठेवतो ना, तेव्हा मला ती वाटी आठवते.

गंमत, खरं तर दुःखाची गोष्ट, अशी की या भागात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरच्या जवळजवळ चौपट! सगळं पाणी जागच्या जागी थांबलं असतं, तर घराच्या छतापर्यंत आलं असतं. पण थांबणार कसं? जांभा दगड सच्छिद्र, पाणी मुरतं आणि झिरपून निघूनही जातं. सह्याद्री ते समुद्र अंतर जेमतेम, उतार तीव्र, नद्या आखूड. जूनमध्ये आलेलं पाणी धावत समुद्राला जाऊन मिळतं. वाडीतले लोक आणि शाळेतली मुलं पावसाळा संपला, की पोत्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालतात. त्या वर्षी विहिरीच्या पायऱ्या थोड्या उशिरा दिसू लागतात.

फेब्रुवारी संपताना हवामान खातं उन्हाळ्याचा अंदाज सांगतं. मार्च ते मे तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता किती, कमी राहण्याची किती, असं. 'शक्यता' हा शब्द नीट ऐका बरं का! तो अंदाज सगळ्या मोसमाचा असतो. बारा एप्रिलला आत्याच्या अंगणात पाऊस पडेल का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी रोजचा अंदाज बघायचा. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि मग खात्याला नावं ठेवतात.

२०२५ च्या मे महिन्यात मात्र भलतंच झालं. विसाव्या तारखेच्या आसपासच कोकणात पाऊस कोसळू लागला. २५ मेला मोसमी पाऊस देवगडपर्यंत आला, २६ ला मुंबईत. मुंबईत तो एरवी ११ जूनच्या सुमाराला येतो! आत्याने रातांब्यांची सालं वाळत घातली होती. रसात बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची, अशी आमसुलं होतात. तिकडे त्यांना 'सोलां' म्हणतात. ती विकून तिचा पावसाळ्याचा किराणा भरतो. मी घाबरत फोन केला. आत्या म्हणाली, "बाव भरली रे, पन सोलां गेली." बाव म्हणजे विहीर. ती हसत होती की रडत होती, मला फोनवर कळलं नाही.

आता दर उन्हाळ्यात अंदाज आला, की मी तिला फोन करतो.

"आत्ये, खातं म्हणतंय हवामान कोरडं राहील."

"थांब हां," ती म्हणते, "पायऱ्यो मोजून येतंय."