डॅन्यूबच्या काठाकाठाने

युरोपात सायकलने फिरायला जातो म्हटल्यावर मोहल्ल्यात आम्हाला तीनच प्रश्न विचारले गेले. एकटेच का? एवढा पैसा कुठून आणणार? आणि तिथे खाणार काय? चौथा प्रश्न कोणी तोंडावर विचारला नाही, पण घरात तो सगळ्यांना ठाऊक होता. आमच्या थोरल्या लेकीला पुढच्या शिक्षणासाठी व्हिएन्नाला जायचे आहे. तिच्या मामूंचा विरोध, फुफीचा विरोध. अम्मी तर म्हणाल्या, "जिथे आपलं कोणी नाही, तिथे जवान पोरीला कशी धाडणार?" आमचे स्वतःचे मनही धड होकार देत नव्हते, धड नकार देत नव्हते. शेवटी ठरवले, की तो मुलुख आधी आपल्या डोळ्यांनी पाहावा, आणि सावकाश पाहावा. लेकीसाठी राखलेल्या पैशाला मात्र हात लावायचा नाही. म्हणून सायकल, म्हणून तंबू आणि म्हणून एकटे.

रस्ता निवडला डॅन्यूब नदीचा. जर्मनीच्या काळ्या अरण्यात उगम पावणारी ही नदी दहा देशांतून सुमारे 2,850 किलोमीटर वाहत जाऊन काळ्या समुद्राला मिळते. तिच्या काठाने सायकलसाठी वेगळा मार्ग आहे. आम्ही त्यातला जर्मनीतील पासाऊपासून हंगेरीच्या बुडापेस्टपर्यंतचा टप्पा घेतला. अंतर साधारण 650 किलोमीटर. पासाऊ समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंच, तर बुडापेस्ट 100 मीटरच्या आसपास. म्हणजे नदीबरोबर आपणही हळूहळू उतरत जातो. पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांना हे मानवते. दिवसाला 50 ते 60 किलोमीटर कापून, मधेमधे मुक्काम करत जुलैच्या अडीच आठवड्यांत हा प्रवास आरामात झाला.

आता हिशेब, कारण वाचकांना तो आधी हवा असतो. शेंगेन व्हिसा एकच काढावा लागतो, त्यावर चारही देश होतात. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आमच्या बाबतीत तो ऑस्ट्रिया. मोठ्यांसाठी फी 90 युरो आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. म्युनिकपर्यंत विमान, पुढे रेल्वेने पासाऊ. तिथे एक जुनी पोलादी सायकल 150 युरोंना घेतली. नवी घेणे किंवा इथून विमानाने नेणे यापेक्षा ते परवडले. मुक्काम कॅम्पिंगच्या जागी. एका माणसाला आणि तंबूला मिळून बहुधा 15 युरोंच्या आतबाहेर पडत, आंघोळीचे गरम पाणी त्यातच. रानात कुठेही तंबू ठोकणे ऑस्ट्रियात बहुतेक ठिकाणी नियमाबाहेर आहे, म्हणून त्या वाटेला गेलो नाही. तांदूळ, मसूर आणि मसाला घरून नेला होता. गॅसची डबी विमानात चालत नाही, ती तिथेच घ्यावी लागते. रविवारी जर्मनी आणि ऑस्ट्रियात किराणा दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारी दुपारीच पाव, अंडी, फळे भरून घ्यावीत. पाण्याला पैसे पडत नाहीत. नळाचे पाणी बिनधास्त प्यावे. गावोगावच्या कबरस्तानांतही फुलझाडांसाठी नळ असतो. त्यावर पिण्याचे पाणी नसल्याची पाटी नसेल, तर सायकलवाले बाटल्या भरून घेतात. आमचा वुजू कितीदा तरी तिथेच झाला.

खाण्याचे म्हणाल तर उपाशी कोणी राहत नाही, फक्त वाचायला शिकावे लागते. 'श्वाइन' म्हणजे डुक्कर, 'श्पेक' म्हणजे त्याचे खारवलेले मांस, 'श्माल्त्स' म्हणजे बहुधा त्याचीच चरबी. गोड पदार्थावर 'गेलाटिने' लिहिलेले दिसले की बाजूला ठेवावे. हंगेरीत हाच शब्द 'शेर्तेश' होतो. तिथे पोगाचा नावाची खारी छोटी पावरोटी फार लोकप्रिय आहे, पण तिच्या एका प्रकारात चरबीचे तुकडे घालतात, म्हणून विचारून घ्यावी. मोठ्या शहरांत तुर्की दुकाने आहेत, तिथे हलाल गोश्त मिळते. आम्ही आठवड्यातून एकदा तिथे पोटभर जेवायचो आणि बाकीचे दिवस खिचडी, अंडी, काकडी, टोमॅटो.

नमाजेची गोष्ट थोडी वेगळी. घरी कोकणात आपण पश्चिमेकडे तोंड करतो, इथे किब्ला आग्नेयेला. नदीही साधारण त्याच अंगाने वाहते, त्यामुळे दिशा शोधायला फारसा त्रास पडला नाही. जुलैत सूर्य रात्री पावणेनऊच्या पुढे मावळतो आणि पहाटे पाचच्या सुमारास उगवतो. इशाची वेळ होईपर्यंत अकरा वाजायला येतात आणि फजर लगेच दारात उभी. मुसाफिराला चाररकाती फर्ज दोनच पढण्याची सवलत आहे, आणि आम्ही शाफई असल्यामुळे मगरिब व इशा एकत्रही करता येते. ही सवलत आम्ही लहानपणी मदरशात पाठ केली होती. दिवसभर सायकल हाणून तंबूत शिरल्यावर तिच्यातली मेहेरबानी कळली.

पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्त्स या तीन नद्या एकत्र येतात. तिथून दोन दिवस नदी दाट झाडीच्या डोंगरांतून जाते. श्लोगेनजवळ ती इतके मोठे वळण घेते की आपण आलो तिकडेच परत चाललो असे वाटते. तिथे सायकली पैलतीरी नेणाऱ्या छोट्या होड्या आहेत. या वाटेवर आमचे लक्ष डोंगरांपेक्षा माणसांकडे जास्त होते. आजी-आजोबा, लेकुरवाळी कुटुंबे, आणि एकट्याने निघालेल्या कितीतरी बायका. कोणी विशीतली, कोणी सत्तरीची. संध्याकाळी त्या आपला तंबू लावत, आपला चहा करत आणि निवांत झोपी जात. कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नव्हते. एका बापाच्या नजरेने आम्ही हे रोज पाहत होतो आणि वहीत लिहीत होतो.

पण हा मुलुख म्हणजे नुसती हिरवळ नाही. लिंत्स शहर सोडले की नदीच्या डाव्या काठाला माउथहाउझेन लागते. गाव सुंदर, आणि वरच्या टेकडीवर नाझींची छळछावणी. 1938 ते 1945 या काळात इथे व हिच्या उपछावण्यांत मिळून सुमारे 1,90,000 माणसे आणली गेली, त्यांतली किमान 90,000 मेली. खाणीतून दगडाचे चिरे पाठीवर घेऊन कैद्यांना 186 पायऱ्या चढाव्या लागत. आम्ही सायकल ढकलत टेकडी चढलो आणि त्या पायऱ्यांपाशी बराच वेळ उभे राहिलो. आमच्या शेजारी शाळेतली पोरे मास्तरांचे ऐकत होती. आपल्या आजोबांच्या पिढीने काय केले हे हे लोक मुलांना झाकून सांगत नाहीत. ज्या देशात लेक पाठवायची त्याचा हा भागही पाहणे आम्हाला आवश्यक वाटले. शेजाऱ्याला परका ठरवण्याची सुरुवात कुठे जाऊन थांबते, ते इथे दगडात दिसते.

पुढे मेल्कचा पिवळा भव्य मठ मागे टाकला की वाखाऊचे खोरे सुरू होते. उतारावर द्राक्षांचे मळे, खाली जर्दाळूंच्या बागा. जुलैत जर्दाळू पिकतात. बागेच्या कडेला टेबल मांडून शेतकरी ते विकतात. काही ठिकाणी विकणारे कोणीच नसते, पैसे टाकायला फक्त एक डबा असतो. आम्ही एक किलो घेतले, पैसे टाकले आणि नदीकाठी बसून अर्धे तिथेच संपवले.

व्हिएन्नाला आम्ही चार दिवस थांबलो. या शहराशी मुसलमानांचे नाते जुने आणि अवघड आहे. 1529 मध्ये सुलतान सुलेमानने त्याला वेढा घातला, 1683 मध्ये तुर्की फौजा पुन्हा आल्या आणि दोन महिन्यांनी काहलेनबर्ग टेकडीखालच्या लढाईत हरल्या. त्या विजयाच्या खुणा शहरात जागोजागी आहेत. पण त्याच शहरातली दुसरी तारीख आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. 1908 मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्याला जोडला, तेथील मुसलमान बादशहाची प्रजा झाले, आणि 1912 मध्ये कायदा करून इस्लामला अधिकृत मान्यता दिली गेली. तो कायदा 2015 मध्ये बदलला, पण मान्यता कायम आहे. नदीजवळच 1979 मध्ये उघडलेली मोठी मशीद आहे, तिचा मिनार दुरून दिसतो. आम्ही सायकल कुंपणाला बांधून तिथे जुम्मा पढलो. तुर्की, अरब, आफ्रिकी, बोस्नियन आणि आपल्याकडचेही चेहरे एकाच सफेत होते.

बाहेर अंगणात एका वयस्क बोस्नियन बाईंशी मोडक्या इंग्रजीत बोलणे झाले. 1992 नंतरच्या युद्धात हजारो बोस्नियन इथे आसऱ्याला आले, त्यांतल्याच त्या. आम्ही लेकीचे सांगितले. त्यांनी गोड बोलून समजूत काढली नाही. म्हणाल्या, "पहिले सहा महिने जड जातात. रुमालावरून ट्रामगाडीत कधी कोणी वाकडे बोलेल. पण भाषा येत असेल तर ती उत्तर देईल, नाहीतर घरी येऊन रडेल. तिला आधी जर्मन शिकवा." आम्ही विद्यापीठाकडेही चक्कर मारली. रुमाल बांधलेल्या मुली इतरांबरोबर हसत-बोलत जात होत्या. पूर्ण चेहरा झाकण्यास मात्र 2017 पासून सार्वजनिक ठिकाणी कायद्याने मनाई आहे. जाणाऱ्यांनी हे आधीच जाणून जावे.

व्हिएन्नाहून पूर्वेकडे गेलो की मोरावा नदीवर केवळ सायकली आणि पादचाऱ्यांसाठी बांधलेला पूल लागतो. तो 2012 मध्ये खुला झाला. 1989 पर्यंत याच काठावर काटेरी तारा आणि बंदुका होत्या. थोडे पुढे देवीनच्या किल्ल्याखाली, पळून जाताना मारल्या गेलेल्यांचे स्मारक आहे. आता आम्ही पैलतीरी गेलो तेव्हा कोणी पासपोर्टही मागितला नाही. पण स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लावा इथे मशिदीची इमारत शोधून सापडत नाही. या देशात धर्माची नोंदणी व्हायला 50,000 प्रौढ अनुयायांच्या सह्या लागतात आणि मुसलमान तेवढे नाहीत. एकाच नदीवर दीड दिवसाच्या अंतरात कायदा इतका बदलतो. माणसे मात्र तशी बदलली नाहीत. ब्रातिस्लावाबाहेर चाकाची तार तुटली, तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या गॅरेजमध्ये नेऊन ती बसवून दिली. आम्ही पैसे काढले तर त्यांनी हात मागे घेतले.

हंगेरीत शिरल्यावर ऊन वाढले, रस्ते थोडे खडबडीत झाले आणि युरोच्या जागी फोरिंट आले. बुडापेस्टमध्ये 1541 ते 1686 तुर्कांचा अंमल होता. पेस्टच्या बाजूला नदीलगतच्या जुन्या चर्चची तेव्हा मशीद झाली होती. तुर्क गेले, पुन्हा चर्च झाले, पण भिंतीतला मेहराब त्यांनी आजही जपून ठेवला आहे. समोर बुडाच्या टेकडीवर गुल बाबांची दर्गाह आहे. ते बेक्ताशी दर्वेश 1541 मध्येच इथे वारले. अष्टकोनी घुमटाखाली त्यांची कबर, आणि भोवती गुलाबांची बाग. चढ इतका उभा की सायकल खालीच ठेवावी लागली. फातेहा पढून उतरलो तो नदीकाठी ज्युला गेर्मानुस यांच्या नावाची बाग लागली. हे हंगेरियन पंडित रवींद्रनाथ ठाकुरांच्या बोलावण्यावरून 1929 मध्ये शांतिनिकेतनात इस्लामचा अभ्यास शिकवायला आले, दिल्लीत त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि 1935 मध्ये हज केला. आपल्या देशात तेही एकदा परकेच म्हणून उतरले होते, आणि आपल्या लोकांनी त्यांना सांभाळून घेतले होते.

तिथल्याच एका बाकावरून घरी फोन लावला. अम्मींना सगळे सांगितले. ट्रामगाडीतल्या वाकड्या बोलण्याचेही सांगितले, काही झाकले नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मशीद जवळ आहे ना? आणि ती बोस्नियाची बाई, तिचा नंबर घेतलास का?" घेतला होता. मग त्यांनी लेकीला फोन द्यायला सांगितले नाही, स्वतःच तिला हाक मारून बातमी दिली. आमची अट एकच: आधी वर्षभर जर्मन शिकायची, मग अर्ज करायचा.

बुडापेस्टमध्ये सायकल एका विद्यार्थ्याला 120 युरोंना विकली. ते पैसे पुण्यातल्या जर्मन वर्गाच्या पहिल्या हप्त्यात गेले.