मास्क लावून झोपायला शिकताना

गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यात बातमी पसरली की मी व्हेंटिलेटरवर आहे. दूध घालायला येणाऱ्या मुलाने पहाटे खिडकीतून माझ्या तोंडावरचा मास्क आणि नळी पाहिली, आणि जोहरपर्यंत ती बातमी चार घरे फिरून माझ्याच जावेने मला फोनवर सांगितली. कोरोनाच्या दिवसांनंतर मास्क आणि नळी म्हटले की लोकांच्या काळजात धस्स होते. त्यात त्यांचा दोष नाही. पण याच भीतीमुळे पुष्कळजण, विशेषतः बायका, ही मशीन घरात आणायला तयार होत नाहीत; आणि आणलीच तर पंधरा दिवसांत ती कपाटावर जाऊन बसते. मला ती वापरून आता चौदा महिने झाले, म्हणून चार शब्द लिहिते आहे.

मशीनचे नाव सीपॅप. तिच्यात ऑक्सिजनचा सिलिंडर नसतो, औषध नसते. खोलीतलीच साधी हवा गाळून, थोड्या दाबाने ती नाकावाटे आत सोडते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून ज्यांची श्वासाची वाट मिटते, त्यांची वाट या हवेच्या दाबाने उघडी राहते. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली हा उपाय जगापुढे मांडला. त्यांच्या सुरुवातीच्या मशीनला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती म्हणे. आजची मशीन आमच्या रोटीच्या डब्याएवढी आहे आणि तिचा आवाज पंख्याखाली ऐकूही येत नाही.

माझे घोरणे घरात वर्षानुवर्षे थट्टेचा विषय होते. पुरुष घोरला तर त्याला डॉक्टरकडे नेतात, बाई घोरली तर पाहुण्यांसमोर झोपायची तिलाच लाज वाटते. शिवाय बायकांमध्ये हा आजार पुष्कळदा सरळ दिसत नाही. सकाळी डोके जड, दिवसभर थकवा, रात्री वारंवार जाग, चिडचिड. मग कोणी थायरॉइड म्हणते, कोणी रक्त कमी म्हणते, कोणी वयाचे म्हणते. मासिक पाळी गेल्यावर हा धोका वाढतो, हे फार थोड्या बायकांना माहीत असते. माझी शंका आली ती ब्लडप्रेशरमुळे. दोन गोळ्या चालू असूनही ते उतरेना आणि फजरच्या सजद्यात डोळा लागू लागला, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी लिहून दिली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी लावून एक रात्र घरीच झोपायचे होते. रिपोर्ट आला, तासाला अडतीस वेळा श्वास अडतो किंवा अर्धवट होतो. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडथळा आला तरच तो मोजतात, आणि तासाला तीसच्या वर गेले की आजार तीव्र समजतात.

तर मशीन आली. दुकानातून आलेल्या मुलाने मला खुर्चीवर बसवले, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क चढवला, पट्टे खेचून आवळले, आणि “आठ दिवसांत सवय होईल, आँटी” म्हणून चहा पिऊन गेला. त्या आठ दिवसांत गालांवर वळ उठले, हवा फटीतून डोळ्यांत जाऊन डोळे लाल झाले, आणि पहाटे मास्क उशाशी पडलेला सापडायचा. घरात सगळे म्हणायचे, सब्र करा. मला हे म्हणणे पटत नाही. आजारपणात सब्र हवाच, पण चुकीच्या मापाचा मास्क ही काही आजमाइश नव्हे. तो बदलून मिळतो. आम्हा बायकांना सोसण्याची इतकी सवय लागलेली असते की चप्पल चावली तरी आम्ही पायालाच नावे ठेवतो.

मी तालुक्याहून पुन्हा पुण्याला गेले. तिथल्या टेक्निशियन बाईंनी मला आधी पलंगावर आडवे केले, मशीन चालू केली आणि मग पट्टे बसवले. इथेच सगळा फरक आहे. बसल्यावर चेहऱ्याचे मांस एका ठिकाणी असते, निजल्यावर दुसरीकडे सरकते. मास्कची सिलिकॉनची गादी दाबून नव्हे, तर हवेने किंचित फुगून चेहऱ्यावर टेकायला हवी. पट्टा आवळला की ती चुरगळते आणि फट उलट वाढते. मास्क आणि गाल यांच्यामध्ये हवा निसटत असेल, तर आधी पट्टे सैल करून मास्क किंचित उचलून पुन्हा टेकवावा. त्यांनी दुसरीही गोष्ट विचारली: तोंड उघडे का राहते? माझे नाक वर्षभर चोंदलेले. नाकाच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचा उपचार आणि झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचा फवारा दिला, नाक मोकळे झाले, आणि फक्त नाकावर बसणारा लहान मास्क मला पुरू लागला. चेहऱ्यावरचे अर्धे ओझे तिथेच उतरले. मात्र चेहऱ्याला रात्रीचे तेल किंवा क्रीम लावून मास्क चढवू नये. गादी घसरते आणि लवकर खराब होते.

माझ्या थोरल्या दिरांनाही हाच आजार. त्यांची दाढी भरघोस, त्यामुळे मोठा मास्क बसेना. केसांतून हवा निसटायची. कोणीतरी त्यांना दाढी कमी करायला सांगितले, त्या दिवसापासून मशीन बंद. खरे तर तसे काही करायची गरज नव्हती. नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या दोन छोट्या उशांचा मास्क मिळतो, त्याचा दाढीशी संबंधच येत नाही. तो त्यांना मिळाला आणि प्रश्न मिटला. बायकांची अडचण दाढीऐवजी अंबाड्याची. डोक्यामागचा पट्टा अंबाड्यावरून घसरतो. मी रात्री सैल वेणी घालून ती खांद्यावरून पुढे घेते, आणि पट्ट्याखाली सुती ओढणीची एक घडी ठेवते. केस ओढले जात नाहीत, वळही उठत नाहीत.

पहिल्याच रात्री आठ तासांचा हट्ट धरू नये. मला असरनंतर अर्धा तास मास्क लावून जागेपणी बसायला सांगितले होते. मी भाजी निवडायचे, मासिक वाचायचे. नाती सुरुवातीला दारातून डोकावून “दादी हत्ती झाली” म्हणून पळायच्या. चौथ्या दिवशी त्यांनीच नळी हातात धरून सोंड हलवून पाहिली. घाबरल्यासारखे होणे हे शरीराचे असते, समजावून जात नाही; दिवसाउजेडी, मास्क केव्हाही काढता येतो हे हाताला कळल्यावर जाते.

दुसरे म्हणजे मशीनमध्ये रॅम्प नावाची सोय असते. दाब अगदी कमी सुरू होतो आणि तुम्ही झोपेपर्यंत हळूहळू चढतो. श्वास सोडताना दाब थोडा उतरावा अशीही सोय पुष्कळ मशीनमध्ये असते. मला ही दोन्ही बंद अवस्थेत मिळाली होती. ती चालू करून मागावी. मात्र डॉक्टरांनी ठरवलेला मूळ दाब आपल्या मनाने बदलू नये. पोटात हवा भरून ढेकर येत असतील, पोट फुगत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे; तेच दाबाचे गणित पाहतात.

आता पाण्याचा विषय. कोकणात इतकी दमट हवा, मग मशीनला पाण्याचे भांडे कशाला, असे मलाही लोक विचारतात. रात्रभर वाहणाऱ्या हवेने नाक-घसा कोरडा पडतो, म्हणून ती कोमट पाण्यावरून नेतात. पण पावसाळ्यात खोली गार झाली की वाफ नळीतच पाणी होऊन बसते आणि मध्यरात्री हुक्क्यासारखी गुडगुड सुरू होते. त्यावर उपाय सोपा: मशीन पलंगापेक्षा खाली ठेवायची, म्हणजे पाणी चेहऱ्याकडे न येता मागे जाते, वाफ एक आकडा कमी करायची, आणि नळीला कापडाचा अभ्रा शिवायचा. माझा जुन्या सलवारच्या पायाचा आहे, एकही टाका नवा घालावा लागला नाही. भांड्यात डिस्टिल्ड पाणी घालावे, नळाच्या पाण्याने पांढरा थर धरतो. सकाळी उरलेले पाणी ओतून द्यावे, मास्क साध्या सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावा. मी हे वुजूबरोबरच उरकते, म्हणून विसर पडत नाही.

वीज गेली की मशीन थांबते आणि जाग येते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हे नेहमीचेच. इन्व्हर्टरवर मशीन चालते, फक्त पाणी तापवणे बंद ठेवावे. बॅटरी सर्वात जास्त तेच खाते. आणखी एक सावधगिरी. मास्कला पुढे बारीक छिद्रे असतात, त्यातून सोडलेला श्वास बाहेर जातो. थंडीत चादर तोंडावर ओढून ती झाकू नयेत. त्या छिद्रांतून येणारा वारा आमच्या ह्यांच्या मानेवर जायचा, म्हणून तीस वर्षांनी आम्ही पलंगाच्या बाजू बदलल्या.

रमजानबद्दल वेगळे सांगते, कारण इथे बरेच जण सोडून देतात. सहरीला उठताना मास्क काढला जातो आणि फजरनंतर तासभर आडवे होताना “आता कशाला” म्हणून तसेच झोपले जाते. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, आणि त्या झोपेत स्नायू सर्वाधिक सैल पडत असल्याने श्वासही पुष्कळदा त्याच वेळी जास्त अडतो. म्हणजे ज्या तासाला मशीनची खरी गरज, नेमका तोच तास सुटतो. दुपारच्या झोपेलाही हेच लागू. रोज्यात मशीन लावण्याबद्दल कोणाच्या मनात शंका असेल तर त्यांनी रमजानच्या आधीच आपल्या आलिमांना आणि डॉक्टरांना विचारून घ्यावे. मनात किंतु ठेवून झोप लागत नाही.

उमऱ्याला जाताना मशीन हातातल्या बॅगेत घेतली, डॉक्टरांचे पत्र सोबत ठेवले. तिथल्या सॉकेटला चपट्या तीन पिना लागतात, तो अ‍ॅडॉप्टर आणि एक लांब वायर घेतली, कारण हॉटेलात पलंगाशेजारी सॉकेट असेलच असे नाही. खोलीतल्या तिघी बहिणींना आधीच सांगून टाकले की ही मशीन आहे, घाबरू नका. तिसऱ्या रात्री त्यातली एक म्हणाली, “माझे घोरणे तुम्हाला ऐकू आले का हो?”

मशीन स्वतःच हिशेब ठेवते: किती तास लावली, हवा किती निसटली, श्वास किती वेळा अडला. माझा अडतीसचा आकडा आता तीनच्या आसपास असतो. ब्लडप्रेशरची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली. वजन उतरवायला सांगितले आहे, ते सावकाश चालले आहे.

माझ्या नणंदेचा रिपोर्ट मागच्या आठवड्यात आला, तासाला बावीस. तिला माझा जुना मोठा मास्क हवा होता. मी दिला नाही. तिचा चेहरा माझ्यापेक्षा अरुंद आहे. गुरुवारी आम्ही दोघी माप द्यायला जाणार आहोत, आणि तिला सांगून ठेवले आहे की खुर्चीवर बसून मास्क घ्यायचा नाही, पलंग मागायचा.