सुई खिशातच ठेव

चि. बाबूस,

काल फोनवर विचारलंस, "मावशी, डुकरीण विताना लागेल म्हणून ऑक्सिटोसिनची सुई आणून ठेवू ना?" आणि नेमकी रेंज गेली. म्हणून हे पत्र. तुझ्यासारखी तीन-चार डुकरिणी घेऊन धंद्याला लागलेली पोरं आता बरीच आहेत, तेव्हा उघडंच लिहितेय.

आधी तारीख. १ जुलैला नर दाखवलास. डुकरिणीचे दिवस ११४, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. २३ ऑक्टोबर धर, एखाद-दोन दिवस मागेपुढे.

ती वेळ ठरवतात मात्र पोटातली पिल्लं. दिवस भरले की त्यांच्या अंगात कॉर्टिसॉल वाढतं. त्या निरोपावर गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटतं आणि अंडाशयावरचे पीतपिंड विरतात. या पीतपिंडांच्या प्रोजेस्टेरॉननंच इतके दिवस गाभ धरलेला असतो. बाईच्या पोटात हे काम काही आठवड्यांनी वार उचलते, डुकरिणीत शेवटपर्यंत पीतपिंडच. गंमत म्हणजे कळा आणि दूध, दोन्ही या एकाच कुलपात बंद असतात. प्रोजेस्टेरॉन उतरलं की प्रोलॅक्टिन उसळतं आणि कास भरते. रिलॅक्सिन गर्भाशयाचं तोंड सैल करतं, मग ऑक्सिटोसिन कळा आणतं. तिचं स्वतःचं, बाटलीतलं नव्हे.

आदल्या दिवशी ती अस्वस्थ होईल, नाकाडानं जमीन उकरेल, तोंडात पेंढा धरून घर रचू लागेल. पेंढा नसेल तर सिमेंटच उकरत बसते बिचारी. सड हळूच पिळून बघ. चिकाची धार लागली की बारा तासांत व्यायला बसेल असं समज.

आणि इथेच माझा हात एकदा चुकला. नोकरीचं दुसरं वर्ष. मालकाला घाई, त्याहून मला. पहिलं पिल्लू बाहेर यायच्या आधीच मी ऑक्सिटोसिनची सुई टोचली. गर्भाशय मुठीसारखं आवळलं, आतल्या आत नाळा दाबल्या गेल्या. नवातली चार मेलेली निघाली, त्यातलं एक तर अजून कोमट होतं. मालक एक शब्द बोलला नाही, उलट चहा पाजला. तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही.

व्यायल्यावरचं दूधही तसंच. गाय-म्हैस सडावर थोडं तरी दूध साठवते, डुकरिणीला तशी जागाच नाही. विताना चीक जवळजवळ सतत पाझरतो; पुढे मात्र तासाभरानं एकदा पान्हा. आधी पिल्लं कास ढुसतात, तिचं हुंकारणं भरभर होतं, मग जेमतेम वीस सेकंद दूध. ज्याच्या तोंडात सड नाही, ते पुढच्या पाळीपर्यंत उपाशी. शिवाय डुकराच्या वारेतून रोगाशी लढणारी प्रतिपिंडं पिल्लांकडे जातच नाहीत, ती चिकातूनच मिळतात आणि तीही पहिल्या दिवसातच अंगात शोषली जातात. किरकोळ पिल्लू हातानं सडाला लाव.

घाबरली तर ती पान्हा चोरते. अंगात अॅड्रेनॅलिन चढलं की ऑक्सिटोसिन अडतं, कळाही थांबतात. म्हशीला दूध सोडायला रोज सुई टोचणारे गवळी तू पाहिलेस. त्यांची विद्या इथे आणू नकोस.

एक पिल्लू आलं आणि पुढे तासभर काही नाही, ती कुंथतेच आहे, तर डॉक्टरांना बोलाव. काय अडलंय ते हात धुऊन आत बघितल्यावर इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरवतील.

नव्या भाताचा पेंढा वीस तारखेलाच आत टाक. आणि दिवाळी तोंडावर आहे, शेजारच्या पोरांना सांग, या वेळी फटाके नदीपलीकडे वाजवा म्हणून.

तुझी,
मावशी