लेन्सवर ढकललेले दोष

वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्यावरची 50 एमएम, एफ 1.4 ची निकॉर मी डिजिटल एसएलआरला लावली आणि बराच काळ तिला ‘सॉफ्ट’ म्हणत राहिलो. चुका माझ्या होत्या, नाव तिचं खराब होत होतं.

निकॉनचा एफ माउंट 1959 सालचा. त्यामुळे 1977 नंतरची ही एआय लेन्स माझ्या बॉडीवर अडॅप्टरशिवाय बसली. बसली म्हणजे जमलं, असं मी धरून चाललो. आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाला फ्लॅश मारायचा नव्हता, म्हणून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं. औक्षणाच्या वेळी व्ह्यूफाइंडरमध्ये तिचा चेहरा लख्ख दिसत होता. घरी संगणकावर पाहिलं, तर कानातल्या कुड्या रेखीव आणि डोळे धूसर. जवळजवळ सगळ्याच फोटोंत तेच. ते औक्षण काही पुन्हा होणार नव्हतं.

दीड मीटरवरून 1.4 ला, क्रॉप सेन्सरवर, फोकसमध्ये असतो तो जेमतेम पाच सेंटीमीटरचा पट्टा. ऑटोफोकस कॅमेऱ्यांची फोकसिंग स्क्रीन मात्र कमी उजेडाच्या झूम लेन्सलाही उजळ दिसावी अशी घडवलेली असते. लेन्स कितीही उघडी असो, स्क्रीनवर दिसते ती साधारण एफ 2.8 ची खोली. म्हणजे डोळ्याला पट्टा दुप्पट जाड भासतो, आणि त्या भासावर मी रिंग थांबवत होतो. वडिलांच्या कॅमेऱ्यात मध्यभागी स्प्लिट इमेज होती, दुभंगलेली रेघ जुळली की फोकस पक्का. माझ्या कॅमेऱ्यात ती नव्हती, पण फोकस जुळल्यावर लागणारा हिरवा ठिपका होता. लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र मोठं करून डोळा तपासायचीही सोय होती. मॅन्युअल लेन्स वापरणाऱ्याने हे आधीच वाचून ठेवायला हवं होतं, आणि मी ते वाचलं नव्हतं.

पुढे मिररलेस घेतला, त्याला ही लेन्स अडॅप्टरने लावली. फोकस सोपा झाला, तरी फोटो हललेले येऊ लागले. ठपका मी अडॅप्टरवर ठेवला. जुनी लेन्स आपली फोकल लेंग्थ कॅमेऱ्याला कळवत नाही, ती स्टॅबिलायझेशनसाठी मेन्यूत आपणच भरायची असते. मी 135 ची लेन्स काढून 50 ची लावली होती आणि मेन्यूत 135 तसाच होता, त्यामुळे सेन्सर गरजेपेक्षा जास्त सरकत होता.

सगळ्यात जास्त खंत आहे ती शेवटच्या चुकीची. उजेडासमोरचे फोटो धुरकट यायला लागले, तेव्हा मी त्याला ‘जुन्या काचेचा बाज’ म्हणून कौतुकाने मिरवलं. तो बाज नव्हता, बुरशी होती. मुंबईच्या पावसाळ्यात मी लेन्स चामड्याच्या केसमध्ये, बंद कपाटात ठेवत आलो होतो, आणि चामडं ओल धरून ठेवतं. वडिलांनी ती इतकी वर्षं स्वच्छ ठेवली होती. कारागिराने लेन्स उघडून बुरशी पुसली, पण तिने कोटिंगवर कोरलेल्या जाळीदार खुणा गेल्या नाहीत. आता ती सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात असते, आणि फोटो घेताना उजेड मी पाठीशी ठेवतो.